नॉर्वेत किलोमीटर मोजू नका

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. नॉर्वेच्या मुख्य भूमीचं साधारण ३,२४,००० चौरस किलोमीटर. आपल्या राज्याला आणखी एक अहिल्यानगर जिल्हा जोडला की झाला नॉर्वे. माणसं मात्र अवघी ५६ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख होती.

इथेच आपला प्रवासी फसतो. नकाशा समोर ठेवून तो हिशेब मांडतो: देश आपल्या राज्याएवढाच, रस्ते गुळगुळीत, गर्दी नावालाही नाही, मग आठ दिवसांत उरकेल की सगळा! वर डेन्मार्क आणि स्वीडनही त्याच आठ दिवसांत कोंबून देणाऱ्या टूरच्या जाहिराती असतातच. माझ्या मते नॉर्वेला जायच्या आधी व्हिसा, थर्मल आणि युरो-क्रोनरचा भाव या सगळ्यांच्या अगोदर एक गोष्ट करायला हवी. तिथले आकडे शांतपणे वाचायला हवेत, कारण ते आकडे आपल्या सवयीच्या मापात बसत नाहीत.

हा देश लांबीला १,७५२ किलोमीटर आहे. रुंदीला सगळ्यात जास्त ४३० आणि सगळ्यात कमी ६.३ किलोमीटर. हो, सहा पूर्णांक तीन. उत्तरेकडे टिसफियॉर्डपाशी समुद्राचं पाणी आत घुसत इतकं पूर्वेला जातं की तिथून स्वीडनची हद्द सकाळच्या चालण्याच्या टप्प्यात येते. दक्षिण टोकाच्या लिंडेसनेसपासून उत्तरेच्या नॉर्डकॅपपर्यंत गाडीने जायचं तर रस्ता अडीच हजार किलोमीटरचा, मुंबई-दिल्लीच्या पावणेदोनपट. क्षेत्रफळ महाराष्ट्राएवढं म्हणून अंतरंही महाराष्ट्राएवढी असतील हा समज इथे पहिल्याच फटक्यात मोडतो.

किनाऱ्याचं गणित तर याहून अजब. खाड्या सोडून, टोकाला टोक जोडत मोजला तर नॉर्वेचा किनारा अडीच हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. आत शिरलेली फियॉर्डं धरली की तोच किनारा जवळजवळ २९,००० किलोमीटर होतो. आणि बेटांचे किनारेही त्यात मिळवले की आकडा जातो १,००,९१५ किलोमीटरवर. पृथ्वीला विषुववृत्तावरून फेरी मारायला ४०,०७५ किलोमीटर लागतात. म्हणजे ५६ लाख लोकांच्या या देशाची किनारपट्टी सरळ केली तर ती पृथ्वीला अडीच वेढे घालेल. माणशी अठरा मीटर समुद्रकिनारा. बेटं मोजली गेली आहेत २,३९,०५७. म्हणजे दर तेवीस-चोवीस माणसांमागे एक बेट.

मोजपट्टी बारीक केली की किनारा वाढतो, ही गोष्ट आपणही नुकतीच अनुभवली आहे. भारताच्या किनाऱ्याचा शाळेत पाठ केलेला ७,५१६ किलोमीटरचा आकडा नव्या मोजणीत ११,०९८ वर गेला. जमीन इंचभरही वाढली नाही. पण आपल्याकडे वाढ दीडपटीची, नॉर्वेत चाळीसपटीची. कागदाची कड नखांनी ओरबाडून काढावी तसा तो देश पश्चिमेकडून फाटलेला आहे, आणि प्रवाशाला जायचं असतं नेमकं त्या फाटलेल्या भागात.

आता याचा रस्त्यावर काय अर्थ होतो ते बघा. क्रिस्तियानसान ते ट्रॉनहाइम हा ई-३९ महामार्ग पश्चिम किनाऱ्याने जातो. लांबी साधारण १,१०० किलोमीटर, लागणारा वेळ सुमारे २१ तास. वाटेत सात वेळा रस्ता पाण्यात जाऊन संपतो आणि गाडी फेरीबोटीत घालावी लागते. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट खाडी ओलांडणाऱ्याला यात नवीन काही नाही. नवीन आहे ते हे की नॉर्वेत हा मुख्य महामार्ग आहे. लाव्हिक ते ओप्पेदाल या पट्ट्यावर २०१५ साली 'अँपिअर' ही गाड्या नेणारी जगातली पहिली पूर्णपणे विजेवर चालणारी फेरीबोट सुरू झाली. वीस मिनिटांचा प्रवास, पलीकडे दहा मिनिटं चार्जिंग, की परत.

ती ज्या पाण्यावरून जाते तो सोग्नेफियॉर्ड. लांबी २०० किलोमीटरच्या वर, म्हणजे समुद्र मुंबईहून आत शिरला तर नाशिकच्याही पुढे पोचेल. खोली १,३०८ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. ते या पाण्यात उभं केलं तर वर जेमतेम साडेतीनशे मीटर उरेल. गंमत अशी की एवढा खोल फियॉर्ड समुद्राला मिळतो तिथे तो अगदी उथळ आहे, शे-दोनशे मीटर. आत खोल आणि तोंडाशी उथळ, असं नदी कधी करत नाही. हे काम हिमनदीचं. आतल्या डोंगरांत बर्फाचा थर प्रचंड जाड होता, त्याच्या वजनाने खडक किसला गेला. समुद्राजवळ येता येता बर्फ पातळ झाला, तरंगू लागला, आणि खोदायची ताकद संपली. बर्फ वितळल्यावर त्या चरात समुद्र भरला. म्हणून काठावर उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंना हजार मीटरचे कडे दिसतात तेव्हा लक्षात ठेवायचं की दरीचा अर्धा भाग अजून पाण्याखालीच आहे.

असल्या मुलुखात रस्ता नेणार कुठून? डोंगराच्या पोटातून. नॉर्वेत रस्त्यांचे बाराशेहून अधिक बोगदे आहेत. त्यातला लेर्दालचा बोगदा २४.५ किलोमीटरचा, २००० साली खुला झाला आणि अजूनही रस्त्याच्या बोगद्यांत जगात सगळ्यात लांब आहे. आपला रोहतांगखालचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटर. लेर्दालमध्ये शिरल्यावर वीस मिनिटं बाहेरचं आकाश दिसत नाही. बांधणाऱ्यांसमोर दगड फोडण्याइतकाच मोठा प्रश्न होता तो चालकाच्या डोक्याचा: एकसुरी भिंती, एकसुरी दिवे, माणसाला झोप लागणार किंवा जीव घाबरणार. म्हणून मानसशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन त्यांनी बोगद्याचे चार तुकडे पाडले. दर सहा किलोमीटरवर एक ऐसपैस गुहा कोरली, छताला निळा उजेड, खाली कडेला पिवळसर झाक, जणू पहाट होते आहे. डोळे त्या उजेडाला सरावतात तोवर पुन्हा अंधारी नळी सुरू. गुहेत गाडी कडेला घेता येते, वळवून परतही फिरता येते. आणि एवढ्या सगळ्याचा टोल? नाही.

तरीही उन्हाळ्यात गेलात तर माझा सल्ला बोगदा टाळण्याचा. बोगद्याच्या दोन टोकांच्या गावांमधला जुना रस्ता डोंगरावरून जातो, १,३०६ मीटरपर्यंत चढतो, हिवाळ्यात बर्फाखाली बंद असतो. वीस मिनिटांऐवजी तास-सव्वातास मोडतो. पण वाटेत स्टेगास्टाइन नावाचा लाकडी सज्जा आहे, फियॉर्डच्या ६५० मीटर वर हवेत तीस मीटर बाहेर आलेला. वेळ वाचवायला का आपण एवढ्या लांब आलो?

बोगद्यांची हौस अजून फिटलेली नाही. स्तावांगेरच्या उत्तरेला 'रोगफास्त' नावाचा २६.७ किलोमीटरचा बोगदा खोदणं चालू आहे. तो समुद्राखालून जाणार, सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीच्या ३९२ मीटर खाली. २०३३ च्या सुमारास तो खुला करण्याचा बेत आहे.

रेल्वेचंही तेच. फ्लोमची रेल्वे म्हणजे २०.२ किलोमीटरचा फाटा, त्यात वीस बोगदे, आणि एवढ्यात ती साडेआठशे मीटरहून जास्त चढते. कर्जतला मागून बँकर इंजिनं लावून गाडी खंडाळ्याला चढवतात त्या बोरघाटाचा चढ ३७ला १. फ्लोमचा चढ १८ला १, आणि तोही मार्गाच्या बहुतेक भागात, साध्या रुळांवर, दाते नसलेल्या चाकांनी. वीसपैकी अठरा बोगदे हातांनी फोडलेले. खोदाई १९२३ साली सुरू झाली आणि १९४० साली पहिली गाडी धावली. वीस किलोमीटरला सतरा वर्षं! घाईच्या माणसाने हा आकडा तिकिटाबरोबर जपून ठेवावा.

सावकाशपणाचं या लोकांना वेडच आहे म्हणा ना. २००९ साली तिथल्या सरकारी वाहिनीने बर्गन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास पूर्णच्या पूर्ण दाखवला, सव्वासात तास. खिडकीतून दिसतं ते, आणि बोगद्यात अंधार. बारा लाख लोकांनी त्यातलं काही ना काही पाहिलं. मग २०११ मध्ये किनाऱ्याने जाणारी बोट बर्गनहून किर्केनेसपर्यंत थेट दाखवली: १३४ तास, साडेपाच दिवस, रात्रंदिवस. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आतबाहेर, आणि बत्तीस लाखांनी कधी ना कधी तो कार्यक्रम लावला. बंदराबंदरावर माणसं झेंडे घेऊन उभी राहिली. आपल्याकडे हा प्रकार कुणी सुचवला असता तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आता सूर्याकडे येऊ, कारण सहलीच्या तारखा त्याच्यावर ठरतात. मुंबईत वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यांच्यात फरक साधारण सव्वादोन तासांचा. सहा महिन्यांत हळूहळू पडणारा, म्हणून आपल्याला जाणवतही नाही. उत्तरेतल्या ट्रॉमसोला जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो मावळायचा थांबतो. शून्य ते चोवीस तास, अवघ्या चार महिन्यांत. भागाकार केला तर दिवस रोज सरासरी अकरा-बारा मिनिटांनी मोठा होतो. मुंबईला सहा महिन्यांत जमतं तेवढं ट्रॉमसो बारा दिवसांत करून मोकळं होतं. शिवाय तिथे सूर्य तिरका चालतो, क्षितिजाला घासत. त्यामुळे मावळला तरी संधिप्रकाश तासन्‌तास रेंगाळतो, आणि ऐन डिसेंबरातही भर दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो. काळाकुट्ट अंधार असेल या भीतीने थंडीत जायचं टाळू नका. पण एक सोपी चूक दरवर्षी कितीतरी जण करतात: जूनमध्ये जाऊन ध्रुवीय प्रकाश शोधतात. रात्रच होत नाही तर तो दिसणार कुठून? मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश एकाच सहलीत मिळत नाहीत. दोन्हींपैकी एक ठरवा.

सूर्य उगवतो पण गावात पोचत नाही, अशीही जागा आहे. दक्षिणेतलं रिउकान. अरुंद दरीत वसलेलं, शेजारी १,८८३ मीटरचा गाउस्टाटोपेन. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावावर ऊन पडत नाही. तिथल्या कारखान्याच्या मालकांनी १९२८ साली रोपवे बांधून दिला, का, तर कामगारांना वर जाऊन ऊन खाता यावं. आणि २०१३ साली गावाने ऊनच खाली आणलं. गावाच्या साडेचारशे मीटर वर, डोंगराच्या धारेवर तीन आरसे बसवले, प्रत्येक १७ चौरस मीटरचा. संगणक त्यांना सूर्याप्रमाणे फिरवतो आणि चौकातल्या सहाशे चौरस मीटरच्या तुकड्यावर ऊन पाडतो. सहाशे चौरस मीटर म्हणजे एखाद्या हाउसिंग सोसायटीचं अंगण. सभोवती सावलीतलं गाव, मधे एवढंसं ऊन, आणि त्यात बाकांवर तोंड वर करून बसलेली माणसं.

पावसाच्या बाबतीत मात्र आपण त्यांना ऐकणार नाही. बर्गन हे युरोपातलं पावसाळी शहर म्हणून प्रसिद्ध. वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर. बस? मुंबईला एवढा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. पण बर्गनचा पाऊस वर्षातल्या दोनशेहून जास्त दिवसांवर पसरलेला आहे. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस पाऊस पडला. मुसळधार नव्हे, भुरभुर, आडवा, वाऱ्याबरोबर येणारा. त्यामुळे छत्री कुचकामी. चांगला रेनकोट आणि पाणी आत न शिरणारे बूट यांवर पैसे घाला.

पैशांचं म्हणाल तर १९६९ च्या डिसेंबरात उत्तर समुद्रात एकोफिस्कचं तेल सापडलं आणि या देशाचं नशीब बदललं. ते पैसे उधळायचे नाहीत असं ठरवून १९९० साली कायदा झाला, १९९६ साली निधीत पहिली रक्कम पडली. आज तो निधी २० लाख कोटी क्रोनरच्या घरात आहे. दरडोई पस्तीस लाख क्रोनर, आपले तीन कोटी रुपये. जन्मलेल्या बाळाच्याही नावे! जगभरच्या शेअर बाजारांतल्या सगळ्या कंपन्यांचा मिळून साधारण दीड टक्का हिस्सा या एका देशाकडे आहे. आणि तरी सरकारने वर्षाला खर्च करायची मर्यादा निधीच्या तीन टक्क्यांच्या आसपास. गंमत म्हणजे ज्या देशाने हे तेल विकलं, तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेवरच्या होत्या.

प्रवाशाला ही श्रीमंती बिलात भेटते. साधी कॉफी पन्नास क्रोनरच्या आसपास, म्हणजे चारशेहून जास्त रुपये. अर्धा लिटर बियर शंभराच्या वर. ४.७ टक्क्यांहून कडक काही विकत न्यायचं असेल तर ते फक्त सरकारी दुकानात, आणि रविवारी ते बंद. गाडी चालवणार असाल तर घोटही नको. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तिथे २०. वेगमर्यादा थोडी ओलांडली तरी दंड हजारो क्रोनर. नळाचं पाणी मात्र फुकट आणि उत्तम, तेव्हा बाटली विकत घेणं हा शुद्ध मूर्खपणा. घरून खाऊ न्यायचाच, पण जपून: युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला नॉर्वेत बंदी आहे. तेव्हा चिवडा, मेतकूट, चटण्या खुशाल न्या. पेढे, तूप, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा.

पैसे वाचवायचा खरा रस्ता डोंगरातून जातो. १९५७ च्या कायद्याने कुणालाही मोकळ्या रानात हिंडायचा, तंबू ठोकायचा हक्क आहे. घरापासून १५० मीटर लांब राहायचं आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त मुक्काम करायचा नाही, एवढंच. १८६८ साली स्थापन झालेल्या गिर्यारोहकांच्या संस्थेची साडेपाचशेहून अधिक निवारे-घरं आणि २२,००० किलोमीटर खुणा केलेल्या वाटा आहेत. दगडावर लाल रंगात 'टी' दिसला की वाट बरोबर. बऱ्याच घरांत कुणी राखणदार नसतो. किल्लीने दार उघडायचं, फळीवरचे डबे घ्यायचे, काय घेतलं ते कागदावर लिहायचं, पैसे भरायचे, निघताना झाडून पुसून ठेवायचं.

पण डोंगराला हलक्यात घेऊ नका. ट्रोलटुंगा या बाहेर आलेल्या कातळावर २०१० साली वर्षभरात ८०० माणसं गेली होती. २०१६ मध्ये ८०,०००. शंभरपट, निव्वळ फोटोंमुळे. फोटोत दिसत नाही ते हे की नेहमीच्या पायथ्यापासून जाऊन-येऊन २७ किलोमीटर आणि दहा-बारा तासांची चाल आहे. सप्टेंबरात स्पोर्ट शूज घालून निघालेल्यांना उतरवायला बचावपथकं जातात. आणि वीज काय करते ते २०१६ च्या ऑगस्टमध्ये हार्डांगरविद्दाच्या पठारावर दिसलं. वादळात एकमेकांना चिकटून उभा राहिलेला रानटी रेनडिअरांचा कळप, ३२३ जनावरं, एका फटक्यात मेली. वीज जमिनीतून पसरते, आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर असल्यामुळे तिला शरीरातून जायला वाट मिळते. डोंगरात कसं वागावं याचे तिथे नऊ नियम छापलेले असतात. त्यातला एक सांगतो की वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. १८० दिवसांत ९० दिवस, फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. मात्र स्वालबारची बेटं शेंगेनच्या बाहेर. ओस्लोहून तिकडे उडालात की तुम्ही शेंगेन सोडलं, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची दारं बंद. तिकडे जायचं असेल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागून घ्या. शिवाय तिथे वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलाचं राज्य. बरोबर वाटाड्या हवाच.

दहा दिवस असतील तर एक फियॉर्ड, एक शहर आणि, हौसच असेल तर, विमानाने उत्तरेतलं एक गाव. त्याहून जास्त घ्याल तर बोगद्यांच्या भिंती तेवढ्या बघून याल. आणि निघण्याआधी हे पाठ करा: आग ११०, पोलिस ११२, रुग्णवाहिका ११३.